लंडनच्या खांबांवरचे पिवळे कागद

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या अक्कांवर. सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता, मी लंडनला निघण्याच्या बरोबर एकोणीस दिवस आधी. वेळ पक्की सांगू शकते, कारण सव्वासातला आमच्या गल्लीत नळ येतो, आणि त्या दिवशी पाणी भरायचं सोडून सगळ्या बाया रस्त्यावर उभ्या होत्या. समोरच्या मोकळ्या जागेत जेसीबी घुसला होता. तिथले चार कडुनिंब. त्यातले दोन त्याने आमच्या डोळ्यांदेखत आडवे केले. मागून टेम्पोतून पत्रे आले, आणि दुपारच्या आत त्या जागेला चारी बाजूंनी पत्र्याची भिंत झाली. दहाला अक्का रोजच्यासारख्या बसायचं पोतं काखेत घेऊन निघाल्या होत्या. त्या रस्त्याच्या मधेच थांबल्या. पोतं तसंच काखेत धरून परत फिरल्या.

अक्का कोण ते सांगते. आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत, वर पत्रा, तिथे त्या एकट्या राहतात. पंचवीस-तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस उपसला, गुडघे तिथेच राहिले. खानदेशातला उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला पत्र्याच्या खोलीबद्दल वेगळं सांगायला नको. पाऊस नसला की एरवीही, आणि मार्चपासून जूनपर्यंत तर न चुकता, अक्का दहा वाजता घर सोडायच्या आणि ऊन उतरेपर्यंत त्या कडुनिंबांखाली बसायच्या. त्यांच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्या अंतरावर दुसरी सावली नाही. म्हणजे ती जागा गेली तर येणारा मे महिना अक्कांनी पत्र्याखाली काढायचा, असा त्या सोमवारचा साधा अर्थ होता.

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. तुम्ही ते गाव शोधत बसाल आणि तुमचं गाव सुटेल.

जागा कॉलनीची. कॉलनीचे प्लॉट पाडताना कागदावर ठेवलेली खुली जागा. तिथे आता सभागृह होणार, रस्त्याच्या अंगाला गाळे निघणार, असं आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने ठरवलं होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मी आणि आई पालिकेच्या कचेरीत गेलो. आई अंगणवाडी सेविका आहे, कचेऱ्यांची तिला सवय आहे. तिथल्या बाबूने शांतपणे सांगितलं की हरकती मागवल्या होत्या, सूचना फलकावर लावली होती, मुदत संपली, कोणी आलं नाही. फलक कुठे आहे, असं मी विचारलं. त्याने हनुवटीने दाखवलं. कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं. फलक त्याच्या मागे होता.

मी पत्रक काढलं. मला तेवढंच येत होतं. जळगावला कॉलेजात असताना मी पिंप्राळ्याला मामाकडे राहिले आणि तीन वर्षं पत्रकंच लिहिली. वसतिगृहाचं पाणी, एसटीचे पास, परीक्षेचे गोंधळ. वर ‘जाहीर निषेध’, खाली व्यवस्थेचा इतिहास, मग मागण्या. ती जिथे छापून घ्यायचो त्या छापखान्यातले नाना एकदा म्हणाले होते, “ताई, एवढी उद्गारचिन्हं नका देऊ, कागदाला भोकं पडतील.” मी त्यांना व्यवस्थेचे हस्तक म्हणाले होते. तर अक्कांच्या जागेसाठी मी दोन पत्रकं काढली, गल्लीगल्लीत वाटली. लोकांनी ती घेतली, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर मला माझंच पत्रक तेलात भिजलेलं दिसलं. एकोणिसाव्या दिवशी मी विमानात बसले.

लंडनला मी शिकायला गेले, पण गेले ती भांडायला गेल्यासारखी. शासनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, एक वर्षाचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. दुसऱ्या कुठल्या शहरात मिळाली असती तर तिकडे गेले असते. या शहराने आपल्याला दीडशे वर्षं लुटलं, आता मी त्याच्या पुलावर उभी राहून हसत फोटो काढू? आईने एवढंच मागितलं होतं. त्या मोठ्या घड्याळासमोरचा एक फोटो, अंगणवाडीतल्या बायांना दाखवायला. मी नाही म्हणाले. मामाने फोनवर विचारलं, तो उघडणारा पूल पाहिला का. मी त्याला साम्राज्यवादावर दहा मिनिटं ऐकवली. मामा म्हणाला, बरं, जेवलीस का.

पहिले तीन महिने मी त्या शहराशी एक शब्द धड बोलले नाही. वर्गातून खोलीवर, खोलीवरून वर्गात. दुपारी चारला अंधार पडायचा, त्याचाही मला राग यायचा, जणू तोही त्यांनी मुद्दाम केला होता. लोक धक्का लागायच्या आधीच माफी मागायचे आणि डोळ्यांकडे बघायचे नाहीत. संग्रहालयात गेले तर आपल्याकडच्या मूर्ती काचेत, समोर शाळेतली मुलं त्यांची चित्रं काढत बसलेली. मी पहारेकऱ्याला विचारलं की हे परत कधी करणार. तो म्हणाला, हा प्रश्न फार लोक विचारतात, आणि मला पाण्याच्या मशीनची दिशा दाखवली. मी त्यावरही मनात एक पत्रक लिहिलं.

माझी खोली पूर्व लंडनमध्ये होती, पालिकेच्या जुन्या चार मजली इमारतीत. इमारतीच्या दारासमोर दिव्याचा खांब, त्याला बसथांबा लागून. या खांबाला जानेवारीत एक पिवळा कागद लागला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, प्लास्टिकच्याच पट्टीने आवळलेला. मी रोज त्याच्या शेजारी उभी राहून बसची वाट पाहत होते आणि आठवडाभर मी तो वाचला नाही. मांजर हरवलं असेल, खोली भाड्याने असेल. शिवाय पत्रक लिहिणारा माणूस दुसऱ्याचं पत्रक कधी वाचत नाही, ही आमच्या लोकांची खोड आहे.

एक दिवस बस उशिरा आली म्हणून वाचला. लिहिलं होतं की या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेवर सायकली आणि कचऱ्याचे डबे ठेवायची शेड बांधण्यासाठी अर्ज आला आहे. अर्ज कोणी केला. नकाशा कुठे बघता येईल. ज्याला हरकत असेल त्याने एकवीस दिवसांत कळवावं, कोणालाही कळवता येईल, पत्ता हा. आणि खाली त्या कामाच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन.

मला आनंद वगैरे झाला नाही. मला संताप आला. एका सायकलच्या शेडसाठी हे लोक रस्त्यावर येऊन खांबाला कागद बांधतात, आणि आमच्या अक्कांची अख्खी सावली कपाटामागे निकालात निघाली. बस आली आणि गेली. मी तिथेच उभी राहून तो कागद पुन्हा वाचला, मग फोनवर त्याचा फोटो काढला. लंडनमध्ये मी काढलेला तो पहिला फोटो.

त्यानंतर मला ते कागद सगळीकडे दिसायला लागले. कोणाला माडीवर एक खोली चढवायची आहे, कोणाला दुकानाची पाटी बदलायची आहे, कोणाला मागच्या दाराची खिडकी करायची आहे. एका चौकात जुन्या प्रचंड झाडाच्या खोडाला कागद होता, त्याच्या दोन फांद्या कापायची परवानगी कोणीतरी मागितली होती. दोन फांद्यांची. मी त्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिले.

माझ्यासोबतच्या मुली शनिवारी राजवाडे बघायला जायच्या. मी खांब वाचायला जायला लागले. हसा हवं तर, पण मला ते शहर असं कळलं. कालव्याच्या काठाने, बाजारांच्या मागून, दारांना रंग लावलेल्या श्रीमंत गल्ल्यांतून, कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्यांच्या खालून मी मैलोनमैल चालले. कागद वाचायला थांबले की शेजारी कोणीतरी थांबायचंच. डोळ्यांकडे न बघणारी हीच माणसं कागदापुढे उभी राहिली की भडाभडा बोलायची. हा शेजारी तीन वर्षं खिडकीवरून भांडतोय. ही शाळा आमच्या लोकांनी वाचवली. एक म्हातारा मला एका मोठ्या गवताळ माळावर घेऊन गेला आणि म्हणाला की ही जमीनदारांनी कुंपण घालून घशात घातली असती, लोकांनी कुंपणं उपटली म्हणून आज तुम्ही इथे उभ्या आहात. त्याने ते असं सांगितलं जणू काल सकाळी तो स्वतः उपटत होता. माळावर पोरं फुटबॉल खेळत होती, थंडी मरणाची होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे राणीचं शहर असेल, पण या माणसाचंही आहे, आणि ते त्याला कोणी बक्षीस दिलेलं नाही. त्या संध्याकाळी परत येताना मी पुलावर थांबले आणि घड्याळासमोर उभी राहून आईला फोटो पाठवला. तिने लिहिलं, चेहरा जरा हसरा ठेवायचा होता.

आता त्या शेडचं. आमच्या इमारतीच्या मागच्या जागेत तळमजल्यावरच्या एका आजीबाईंचे वाफे होते. त्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या, आम्ही सगळ्या त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. उन्हाळ्यात त्या वाफ्यांत दुधी, लाल माठ, घोसाळी असं काय काय होई, असं शेजारी सांगायचे. मी पाहिले तेव्हा तिथे नुसत्या काठ्या आणि काळी माती होती. पण खालांच्या खिडकीत दह्याच्या डब्यांत दुधीची रोपं उभी होती. त्या दुधीला लाऊ म्हणत. शेड नेमकी त्याच वाफ्यांवर येणार होती.

मी खालांना सांगितलं, तुम्ही काळजी करू नका, समितीपुढे मी बोलते. तिथे असा नियम आहे की अर्जावर निर्णय घेणारी नगरसेवकांची समिती उघड्या सभेत बसते, आणि आधी नाव दिलं तर हरकत घेणाऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं. मी नाव दिलं. मला वाटलं, तीन मिनिटं बोलणं म्हणजे काय मोठंसं, मी चौकात पाऊण तास बोललेली बाई आहे.

सभा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि आमच्याकडे भाषण जसं सुरू होतं तसं सुरू केलं. आदरणीय अध्यक्षा, समितीचे सन्माननीय सदस्य, उपस्थित अधिकारीवर्ग, पत्रकार बंधू, जे नव्हतेच, आणि या परिसरातल्या माझ्या बंधुभगिनींनो. मग ही संधी दिल्याबद्दल आभार. मग मी कुठून आले ते. मग जमीन आणि सत्ता यांचा इतिहास, ज्यात साम्राज्य आलं, कारण साम्राज्याशिवाय मला इतिहास सांगताच येत नव्हता. मी रंगात आले होते. मी आता वाफ्यांवर येणार, तेवढ्यात टेबलावरचा लाल दिवा लागला. अध्यक्षा अगदी सौजन्याने म्हणाल्या की आपला वेळ संपला, धन्यवाद.

मी खाली बसले. खालांनी माझ्याकडे वळून त्यांच्या हिंदीत हळूच विचारलं, “बेटी, लाऊ का बात तो तुम बोला ही नहीं?”

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दुधीचं नाव नाही, वाफ्यांचं नाव नाही, खालांचं नाव नाही. एका म्हाताऱ्या बाईची तीन मिनिटं मी मान्यवरांना वाटून टाकली होती.

वाचवलं ते खालांनी स्वतःच. माझ्यावर भरवसा ठेवण्याआधीच त्यांनी नातीकडून एक पत्र लिहून मुदतीत पाठवलं होतं. मला सांगितलंही नव्हतं. आलेली प्रत्येक हरकत समितीच्या कागदांत छापावी लागते, त्यामुळे ते पत्र सगळ्यांच्या हातात होतं. एका सदस्याने ते वाचून दाखवलं. पाच ओळींचं होतं. मी या वाफ्यांत भाजी लावते. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं ती घेऊन जातात. माझ्याकडे दुसरी माती नाही. शेड इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीला लावली तर चालेल, तिथे कधीच ऊन येत नाही. कृपया येऊन बघा.

समितीने निर्णय पुढे ढकलला आणि जागा बघायला येण्याचं ठरवलं. महिन्याभराने शेड उत्तरेच्या भिंतीला गेली.

लंडन देवाचं शहर आहे असं मी सांगत नाहीये. त्याच संध्याकाळी त्याच समितीने एक उंच इमारत मंजूर केली, जी एका अख्ख्या गल्लीचं ऊन खाणार आहे. त्या गल्लीतल्या लोकांच्याही हरकती छापलेल्या होत्या, त्यांचीही तीन-तीन मिनिटं झाली, आणि हात वर झाले ते बिल्डरसाठी. एक बाई बाहेर पायरीवर बसून रडत होती. हे मी विसरणार नाही. पण ती पायरीवर बसली होती ती पुढे कोर्टात दाद कशी मागायची याचा कागद मांडीवर घेऊन. त्या शहराला कान आपोआप फुटलेले नाहीत. अशा हट्टी माणसांनी ते ओढून ओढून लांब केले आहेत. त्या दिवसापासून मी लंडनला शिव्या देताना ‘आपलं’ म्हणून द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. माझी दुपार, तिची संध्याकाळ. आधी भाषणाची फजिती सांगितली. आई इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. मग अक्कांचं विचारलं. पत्रे तसेच होते. आत पायाचे खड्डे खणून काम रखडलं होतं, पण भाऊंची माणसं सांगत फिरत होती की पाडव्यानंतर स्लॅब. आणि ऊन सुरू झालं होतं. अक्का दुपारी आमच्या जिन्याखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसतात, असं आई म्हणाली. दोनदा चक्कर आली होती.

मी म्हणाले, पत्रक लिहिते. रात्रीतून तीन पानं पाठवली. आईने वाचली आणि सांगितलं, “हे वाचायला चष्मा पण लागतो आणि धीर पण. मला एक पान दे. त्यात तुझा इतिहास नको, आमचा पत्ता दे.”

मग मी खांबावरच्या कागदाचा तो फोटो पाठवला आणि त्यात काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. आई सेविका आहे, तक्ते भरण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिने दोन गोष्टी केल्या. पहिली, अक्कांना घेऊन पालिकेत गेली आणि आमच्या कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची, म्हणजे नकाशाची, नक्कल मागितली. बाबू म्हणाला, उद्या या. आई म्हणाली, अक्कांचे गुडघे दुखतात, रोज येणं होणार नाही, त्या इथेच बसतील. अक्का बसल्या. पंख्याखाली, पोतं अंथरून. दुसऱ्या दिवशीही बसल्या. बाबू त्यांना म्हणाला, अक्का, घरी जा ना, मी पाठवतो. अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या की घरी ऊन शे, आठे पंखा शे, म्हणजे इथे पंखा आहे, तू आरामशीर शोध. चौथ्या दिवशी नक्कल मिळाली. तिच्यावर आमच्या त्या जागेत स्वच्छ अक्षरांत ‘खुली जागा, बगीचा’ लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट, त्या चार दिवसांत अक्कांसोबत तिथे असताना आईने कपाटामागच्या फलकाचा फोटो काढला. कपाट, त्याची मागची बाजू, मधली वीतभर फट, आणि फटीतून दिसणारा आमच्या जागेच्या सूचनेचा एक कोपरा.

मग पिवळ्या कागदावर एक पान झालं. इथे सभागृह आणि गाळे बांधायचा अर्ज आहे. मंजूर नकाशात ही जागा बगीच्यासाठी आहे. नकाशाची नक्कल आमच्या घरी बघायला मिळेल, घर हे. सूचना आम्हाला दिसेल अशी लावली नव्हती, म्हणून हरकती पुन्हा मागवाव्यात, असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचा आहे. ज्याला द्यायचा असेल त्याने या तारखेपर्यंत द्यावा. निषेध हा शब्द कुठेही नव्हता. मला तो घालायचा होता, आईने काढला. कोपऱ्यावरच्या मारवाडी काकांनी दुकानातल्या मशीनवर कागद प्लास्टिकमध्ये बसवून दिले आणि सुतळीही दिली. त्यांना त्या गाळ्यांतला एक देऊ केलेला होता. आईने विचारलं तर म्हणाले, दुकान आहे की मला एक, दुसऱ्यात कोण बसणार. कॉलनीतल्या प्रत्येक खांबाला कागद लागला.

हा कागद कोणी घडी घालून वड्याखाली ठेवू शकत नव्हता. तो खांबालाच होता. दूध आणायला जाताना वाचा, रिक्षाची वाट बघताना वाचा. भाऊंच्या माणसांनी काही फाडले, आईने पुन्हा बांधले. एकाने तिला टोमणा मारला की पोरगी लंडनला गेली म्हणून गल्लीचं लंडन करायला निघालात काय. आई म्हणाली, “लंडन नको, रे बाबा. आमचे दोन कडुनिंब राहिलेत, तेवढे दे.”

लोक घरी आले. नकाशा बघायला आले, चहा घेऊन गेले, सही करून गेले. अक्कांना सही येत नाही. त्यांनी आईला सांगितलं तसं आईने लिहिलं आणि खाली अंगठा. आईने मला तो अर्ज फोनवर पाठवला. त्यात दोनच वाक्यं होती. “मी रोज आठे बसस. आते कोठे बसू?”

मुख्याधिकारी नवे आले होते. आईने त्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवला आणि वर तो फोटो. त्यांनी फोटो पाहिला, उठले, बाहेरच्या खोलीत गेले, आणि कपाटाच्या फटीत डोकं घालून स्वतः बघितलं. आई म्हणते, साहेबांच्या नाकाला जाळं लागलं होतं. त्यांनी हरकती पुन्हा मागवल्या आणि तोपर्यंत काम थांबवायला सांगितलं.

सुनावणी एप्रिलच्या शेवटी झाली. मला आईने फोनवरून ऐकवली, मी वर्ग बुडवून कॉरिडॉरमध्ये बसून ऐकली. आईने गल्लीतल्या सगळ्यांना आधी बजावलं होतं की मान्यवर, सन्माननीय काही नको, उठायचं आणि पहिल्या वाक्यात जागेचं बोलायचं. स्वतः मोबाइलवर तीन मिनिटं लावून बसली. रिटायर झालेले एक मास्तर ‘आज या प्रसंगी’ म्हणाले, तिने त्यांना खाली बसवलं. भाऊ बोलायला उठले आणि त्यांनी व्यासपीठापासून सुरुवात केली. त्यांना कोणी थांबवलं नाही. दहा मिनिटांनीही ते विकासाच्या इतिहासातच होते. मला त्यांच्या आवाजात माझा आवाज ऐकू आला, सांगायला हरकत नाही. मग अक्का उठल्या आणि अर्जातली दोन वाक्यं तशीच बोलल्या.

अंतिम निकाल अजून यायचा आहे. मी खोटं सांगणार नाही. दोन कडुनिंब गेले ते गेले. पण सुनावणीनंतर निकालापर्यंत जागा मोकळी ठेवायची असं ठरलं, रस्त्याकडचे पत्रे निघाले, पायाचे खड्डे पालिकेनेच बुजवले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अक्का उरलेल्या दोन झाडांखाली बसायला लागल्या. सावली पूर्वीपेक्षा कमी आहे, ऊन सरकेल तसं पोतं सरकवावं लागतं. आता तिथे दुपारी आणखी पाचसहा बाया असतात.

मी सप्टेंबरमध्ये परत आले. लंडनची आठवण येते. येते म्हणजे खरंच येते, त्या थंडीची, त्या माळाची, कागदापुढे थांबून अनोळखी माणसाशी भांडायच्या सवयीची. निघायच्या आदल्या दिवशी खालांनी मला पहिला दुधी दिला आणि मी तो खोलीवरच्या सगळ्या पोरींना चण्याची डाळ घालून खाऊ घातला. पुढे कधी जमलं तर जाईन. तोवर मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कॉलन्या फिरते आहे. फैजपूर झालं, भुसावळच्या दोन कॉलन्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारते आणि प्रत्येक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात.

तोच आता तुम्हाला विचारते. तुमच्या कॉलनीची खुली जागा कोणती? माहीत नसेल तर हे पान इथेच मिटवा आणि पालिकेत जा. मंजूर रेखांकनाची नक्कल मागा. उद्या या म्हणाले तर बसून राहा. सूचना फलक कुठे आहे ते विचारा, त्याच्यासमोर काही ठेवलं असेल तर फोटो काढा. नक्कल मिळाली की एका पानावर लिहा, कुठली जागा, कोणाची, हरकत कुठे द्यायची, आणि तुमच्या दारासमोरच्या खांबाला बांधा. तुमच्याही गल्लीत एखादी म्हातारी बाई जिन्याखाली ओलं फडकं घेऊन बसलेली असेल. तिला विचारून पहिला अर्ज तिचा लिहा. आज लिहा. कचेरी सव्वासहाला बंद होते.